वन्संचं घड्याळ

धाकटी : म्हणजे तुम्ही बघितलंत आणि गप्प बसलात?

थोरली : हळू बोल. दुकानाचं दार उघडं आहे.

धाकटी : त्यांना नाही ऐकू येत. डावा कान गेलाय वन्संचा, टेलिफोनचे हेडफोन लावून लावून. आणि आत बुटांच्या ढिगात बसल्यात त्या. सांगा ना, खरंच बघितलंत?

थोरली : बघितलं. सकाळी त्या चौकात, मनोऱ्याखाली. तू कारंजासमोर स्वतःचे फोटो काढत होतीस. वन्संनी मनोऱ्यावरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. ‘अगं बाई, माझं तासभर पुढे पळतंय की!’ म्हणाल्या आणि काटे एक तास मागे घेतले.

धाकटी : पण ते पुढे नव्हतंच! ते जहाजाच्या वेळेवर होतं. न्याहारीला तीनदा सांगितलं त्या लोकांनी, हे शहर आपल्यापेक्षा एक तास मागे आहे, उतरलात तरी घड्याळं बदलू नका. दार चारला बंद म्हणजे जहाजाच्या चारला.

थोरली : तुला ऐकू आलं. मला ऐकू आलं. त्यांना नाही आलं.

धाकटी : मग सांगायचं ना त्यांना!

थोरली : का?

धाकटी : का म्हणजे? जहाज निघून जाईल त्यांना टाकून!

थोरली : हं.

धाकटी : जाऊबाई, हं काय? थट्टा करताय ना तुम्ही?

थोरली : लग्न होऊन आलीस तेव्हापासून मी एकदा तरी थट्टा केल्याचं आठवतं तुला?

धाकटी : नाही... देवा रे. अहो, उद्या सकाळी पुढच्या बंदरावर त्यांची लेक येणारेय. सहा वर्षांनी भेटणारेय ती आईला. दोन तासांसाठी. नातीला तर त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यासाठीच तर आल्यात त्या या सहलीला, समुद्र बघायला नाही.

थोरली : माहीत आहे मला.

धाकटी : माहीत असून?

थोरली : माहीत आहे म्हणूनच. ऐक. माझे बाबा गेले तेव्हा तू आमच्या घरात आली नव्हतीस. घरी फोन नव्हता. वन्सं एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कुणाचाही निरोप असला की माणसं एक्स्चेंजला फोन लावायची आणि वन्सं घरी येऊन सांगायच्या.

धाकटी : ते ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, आमच्याकडे चालताबोलता फोन आहे.

थोरली : हो. त्या दिवशी संध्याकाळी सातला वन्सं मला म्हणाल्या, ‘वहिनी, आत्ताच निरोप आला, तुझ्या वडिलांचं काही खरं नाही.’ सातला बस नसते. रात्रभर पिशवी मांडीवर घेऊन बसले. सकाळच्या पहिल्या बसनं पोचले तर अंगणात माणसं जमलेली.

धाकटी : हे सांगितलंयत तुम्ही मला.

थोरली : अर्धं सांगितलंय. उरलेलं मलाच गेल्या महिन्यात कळलं. माझ्या दादाला बघायला गेले होते ना? अंथरुणाला खिळलाय. मला जवळ बसवून म्हणाला, ‘एक विचारायचंय, रागावू नकोस. त्या दिवशी साडेतीनच्या बसनं का नाही आलीस? मी रांगेत उभं राहून दोन वाजता फोन लावला होता. तुझी नणंदच होती लाईनवर. लगेच सांगते म्हणाली.’

धाकटी : दोन वाजता?

थोरली : दोन. वन्संची पाळी अडीचला संपायची. पावणेतीनला त्या घरात होत्या. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘वहिनी, ते पुढच्या खोलीतले पडदे बदल.’

धाकटी : पडदे?

थोरली : पाचला त्यांच्या होणाऱ्या सासरची माणसं यायची होती. पहिल्यांदाच. सासूबाई आजारी. पडदे, चहा, खाणं, सगळं माझ्या अंगावर. मी साडेतीनच्या बसमध्ये बसले असते तर त्या लोकांपुढे चहाचा ट्रे कुणी नेला असता? ती बस आठला पोचते. बाबा रात्री दोनपर्यंत शुद्धीवर होते. दार वाजलं की विचारायचे, आली का. सहा तास मिळाले असते मला. सहा. आणि दादा चाळीस वर्षं समजत राहिला, की पाहुण्यांच्या सरबराईपायी मी बापाकडे पाठ फिरवली. म्हणून कोरडा बोलायचा. मला वाटायचं बायको कान भरते त्याचे. त्या बिचारीशी मी आयुष्यभर वाकड्यात शिरत राहिले.

धाकटी : मग भांडा ना वन्संशी! झिंज्या उपटा, मी मध्ये पडणार नाही. पण हे असलं नको.

थोरली : मी काय केलं? काटे त्यांनी मागे घेतले. मी नुसतं सांगितलं नाही. त्यांनीही तेव्हा काही केलं नव्हतं. नुसतं सांगितलं नाही.

धाकटी : अहो, पण त्यांच्या लेकीचा काय दोष?

थोरली : माझ्या बाबांचा काय होता?

धाकटी : आत्ता किती वाजले? खरे?

थोरली : जहाजाचे अडीच. वन्संच्या मनगटावर दीड. त्या चार समजून रमतगमत येतील तेव्हा पाच वाजलेले असतील. साडेचारला जहाज सुटतं. मी वर कठड्याला टेकून उभी राहणारेय. मला त्यांना धक्क्यावर उभं बघायचंय, हातात पिशवी घेऊन. दुसरं काही नको मला या सहलीतून. ते कारंजंही नको आणि ते जहाजांचे जुने नांगर ठेवलेलं संग्रहालयही नको.

वन्सं : हॅलो! दोघी बहिऱ्या झालात का? आतून तीन हाका मारल्या. चार वर्षांच्या मुलीचा पाय केवढा असतो गं?

धाकटी : अं... तसं ते मुलीमुलीवर असतं, वन्सं.

वन्सं : ते मलाही कळतं. मी पाहिलेला नाही म्हणून विचारतेय. एवढा असेल? की एवढा?

थोरली : लेकीला फोन करून विचारा.

वन्सं : आणि काय सांगू, आजीला नातीच्या पायाचं माप माहीत नाही? नको. तीन जोड घेतलेत. लहान, मधला, मोठा. एक तरी बसेल. तांबडे आहेत, पट्ट्याचे. तो दुकानदार हसत होता, म्हणाला असेल म्हातारीला तिळी नातवंडं आहेत.

धाकटी : छान आहेत हो. फार छान आहेत.

वन्सं : रडायला काय झालं तुला?

धाकटी : ऊन लागतंय डोळ्यांवर.

थोरली : वन्सं, हिचे पाय सुजलेत. आम्ही दोघी पुढे होतो. तुम्ही फिरा निवांत. तो दोरखंडवाल्यांचा रस्ता राहिला ना तुमचा?

धाकटी : माझे पाय नाही...

थोरली : सुजलेत.

वन्सं : वाजलेत किती? एक पस्तीस. दार चारला बंद. एवढ्या लवकर जाऊन काय करणार, त्या दोघा भावांचे पत्ते बघत बसणार? बोटीवर आल्यापासून माझे भाऊ पत्त्यांतनं वर मान करून समुद्राकडे बघतील तर शपथ. ते काही नाही. दोरखंडांचा रस्ता बघू, मग पाण्याकाठी जाऊन बसू. तिथून जहाज समोर दिसतं. हलायला लागलं तर पळत जाऊ, झालं?

(तासाभराने. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पलीकडे धक्क्याला लागलेलं जहाज. वन्संनी चपला काढून खालच्या पायरीवर पाय सोडले आहेत.)

वन्सं : आहाहा. गार आहे पाणी. वहिनी, बस की अशी. उभी काय राहिलीस राखणदारासारखी?

थोरली : बरी आहे.

धाकटी : वन्सं, निघू या का आता?

वन्सं : कितव्यांदा विचारतेस? अडीच वाजलेत, अडीच. काय सुंदर शहर आहे. सकाळी तो मासळीचा लिलाव बघितलास? ती बाई कशी घसा ताणून आकडे ओरडत होती. मला आमचं एक्स्चेंज आठवलं. आम्ही बाराजणी अशाच एकदम बोलायचो. आणि एकीचा शब्द दुसरीच्या लाईनवर जाईल तर हराम.

थोरली : सगळे निरोप ज्याचे त्याला पोचायचे म्हणा.

वन्सं : नाही तर काय! ती नोकरीच तशी. धाकटे, एक सांगू का? कुणाला बोलले नाही अजून. उद्या ती येईल ना, तर काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलंय.

धाकटी : लेकीशी बोलायला कागद?

वन्सं : घाबरते मी तिला. हस हवं तर. ती का तोडून गेली ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगितलं, लग्न पटलं नाही म्हणून. तसं नव्हतं. तिला त्या मुलाचा फोन यायचा घरी. एकदा तो दुसऱ्या गावी कायमचा निघाला होता. स्टेशनावर ये, एवढा निरोप ठेवला त्यानं माझ्याजवळ. मी तिला दिलाच नाही. वाटलं, जाईल तो, विसरेल ती. दोन वर्षांनी त्यांची पुन्हा गाठ पडली आणि सगळं बाहेर आलं. त्याच महिन्यात लग्न केलं आणि गेली. सहा वर्षं आवाज नाही.

धाकटी : अगं आई गं.

वन्सं : आता आपण होऊन फोन केला तिनं. म्हणाली, ये, मुलीला दाखवते. ठेवताना विचारलं, ‘आई, खरं सांग. आणखी कुणाचा निरोप असा दाबून ठेवलायस आयुष्यात?’ मी म्हटलं, नाही गं राणी. तुझा तेवढा एकच.

थोरली : एकच?

वन्सं : या कानात बोल.

थोरली : एकच निरोप दाबलात का, विचारतेय.

वन्सं : हो, म्हणजे... अशी काय बघतेस?

धाकटी : वन्सं, उठा! तुमचं घड्याळ चुकलंय!

थोरली : तू गप्प बस.

धाकटी : नाही बसत. वन्सं, अडीच नाही, साडेतीन वाजलेत. जहाजाची वेळ वेगळी आहे, गावची वेळ वेगळी. सकाळी तुमचंच बरोबर होतं, तुम्ही उगाच मागे केलंत. अर्धा तास राहिलाय दार बंद व्हायला, उठा!

वन्सं : अगं बाई! काय सांगतेस? पिशवी कुठाय? बूट? ती पिशवी दे आधी. अगं, पण सकाळी मी घड्याळ लावत होते तेव्हा वहिनी शेजारीच उभी होती. वहिनी, तुला माहीत नव्हतं?

थोरली : माहीत होतं.

वन्सं : मग बोलली नाहीस?

थोरली : नाही.

वन्सं : विसरलीस?

थोरली : नाही.

वन्सं : मग का?

थोरली : दादानं दोन वाजता फोन लावला होता.

वन्सं : दोन नाही. दोन दहा.

थोरली : काय?

वन्सं : दोन वाजून दहा मिनिटं. मी चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. वेळ लिहायची सवय असते आम्हाला.

थोरली : चिठ्ठी होती?

वन्सं : पर्समध्ये. पाहुणे बसले होते तेव्हा पर्स माझ्या मांडीवर होती. तू कप घेऊन जवळून गेलीस आणि कानाशी लागून विचारलंस, ‘साखर पुरेल ना?’ मी म्हटलं, पुरेल.

थोरली : पुरेल म्हणालात. तिकडे माझा बाप दाराकडे बघत पडलेला आणि तुम्ही मला साखरेचं सांगत होतात.

वन्सं : मला वाटलं होतं तगतील. त्याआधी दोनदा असेच निरोप आले होते, तू धावत गेलीस आणि ते उठून बसले.

थोरली : खरं बोला. आज तरी.

वन्सं : खरं... मला ते लग्न हवं होतं, वहिनी. घरात आई पडून. मला तर तेव्हा धड चहाही येत नव्हता. तू गेली असतीस तर ते लोक तसेच उठून गेले असते, असं वाटलं. दर पाच मिनिटांनी म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. साडेतीन वाजून गेले. मग म्हटलं, आता सांगून तरी काय उपयोग.

थोरली : आणि तुमच्या सासूबाई चहाला पाणचट म्हणून गेल्या. एक कप अर्धा टाकून. तो कप मी धुतला.

धाकटी : साडेतीन होऊन सात मिनिटं झाली. रस्त्यात भांडा ना. चालता चालता भांडा.

वन्सं : तुम्ही जा दोघी. मी नाही येत.

धाकटी : हे काय आता?

वन्सं : वहिनीचं बरोबर आहे. माझ्या हातानं मी काटे मागे घेतले. बसते मी इथे. जाऊ दे जहाज. फिटेल सगळं.

थोरली : वा! वा वा! परत सगळं माझ्याच गळ्यात!

वन्सं : मी तुझ्यावर कुठे...

थोरली : तुम्ही इथे पाय सोडून पुण्यवान होऊन बसणार, आणि उद्या धक्क्यावर तुमच्या लेकीपुढे मी उभी राहणार? आई का नाही आली, हे मी सांगायचं? तिच्या पोरीला मी तोंड द्यायचं? त्या दिवशीही पाहुण्यांपुढे तुम्ही बसलात आणि राबले मी. उठा!

वन्सं : तूच तर म्हणालीस ना...

थोरली : मी काहीच म्हटलं नाही. हाच तर घोळ आहे. दिवसभर वाट बघत होते मी, जहाज सुटलं की वरून तुमचा चेहरा कसा दिसेल याची. आणि तुम्ही तो इथेच दाखवून मोकळ्या झालात, आपण होऊन. इतक्या स्वस्तात नाही सोडणार मी तुम्हाला. जहाज चुकून काय होईल? चार दिवस रडाल, लेक कळवळेल, बिचारी आई म्हणेल. बिचारी नाही व्हायचं तुम्ही. मी होऊ देणार नाही.

वन्सं : मग काय करू म्हणतेस?

थोरली : लेकीला भेटायचं. आणि सांगायचं, की तुझा निरोप एकच नव्हता. दुसरा होता, तुझ्याआधीचा. कुणाचा होता, कशासाठी दाबला, त्यानं काय झालं. माझे बाबा, दादा, सगळं. तुमच्या तोंडानं.

धाकटी : जाऊबाई, अहो, ती एवढं एकच विचारून भेटायला तयार झालीय! हे ऐकलं तर...

थोरली : ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे.

वन्सं : उठून जाईल ती. मुलीला घेऊन. दोन तासही थांबणार नाही.

थोरली : जाईल कदाचित.

वन्सं : बूट तसेच राहतील.

थोरली : राहतील.

वन्सं : त्यापेक्षा इथे सोडून जा मला. तुझ्या पाया पडते, वहिनी. पुढच्या वर्षी भेटेन, कधीतरी सांगेन तिला, सावकाश.

थोरली : पाहुणे जाऊ देत, मग सांगते. असंच ना?

धाकटी : पावणेचार. मी सांगून ठेवते, मी आता बोंब मारणारेय. ते धक्क्यावरचे लोक दोर सोडायला उभे राहिलेत.

वन्सं : आणि समज, नाहीच निघाला माझ्या तोंडून शब्द?

थोरली : मी शेजारी असेन. मला काही बोलावं लागणार नाही. मी नुसती तुमच्याकडे बघेन.

वन्सं : आणि सांगितलं, तर माफ करशील?

थोरली : नाही.

वन्सं : बरं.

धाकटी : बरं काय, बरं! ही पिशवी मी घेते. चपला घाला, वन्सं. डावी ही. मी पुढे पळते आणि दार धरून ठेवते, अंगावर पडेन हवं तर त्या दारवानाच्या. या मागोमाग!

वन्सं : पळाली. ही कधी पळायला शिकली? पाय सुजलेत म्हणत होतीस तिचे.

थोरली : खोटं बोलले. चला.

वन्सं : वहिनी.

थोरली : आता काय?

वन्सं : कागदावर दुसरंच लिहिलंय गं सगळं. सुरुवात कशी करू मी?

थोरली : ते तुमचं तुम्ही बघा. पायरी ओली आहे. हात धरा.